तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

गेल्या वर्षी आषाढाच्या प्रारंभी आमच्या परभणीच्या घरी एक लहानशीच गोष्ट घडली. पण तीमुळे घरातील आठही माणसांस आपल्या जेवणाखाण्याचा नव्याने विचार करावा लागला. आमच्या वडील वहिनींना थोडे चालले की धाप लागे, जिना चढताना गुडघे धरावे लागत. रक्त तपासून घेतले तेव्हा साखर अगदी मर्यादेच्या उंबरठ्यावर आलेली आढळली. वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. डॉक्टरांनी औषध दिले नाही. 'पाच-सहा किलो वजन उतरवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा या,' एवढेच सांगितले. मग घरात जो तो वैद्य झाला. कोणी भात सोडावयास सांगितले, कोणी सकाळी गरम पाण्यातून लिंबू व मध घ्यावयास सांगितले, तर कोणी रात्रीचे जेवणच बंद करा म्हणाले. वहिनींनी हे सर्व दीड महिना निष्ठेने केले. फरक पडला तो अर्ध्या किलोचा! तेव्हा अशा प्रसंगी सर्वत्र होते तेच आमच्याकडेही झाले. दोष त्यांच्या जिभेच्या माथी आला. आमच्या मातोश्री तेवढ्या एक वाक्य बोलल्या, "अगं, पण ती जेवते कधी, हे तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते आमच्यासारख्या एका चुलीवर जेवणाऱ्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

वजन कमी करण्याविषयी जी पुस्तके निघतात, त्यांतील हिशेब बहुधा एकट्या माणसाचा असतो. त्याने आपले अन्न आपणच तोलावे, लिहून ठेवावे आणि बेरीज करावी. मूळ तत्त्व निर्विवाद आहे. अन्नातून शरीरास जी ऊर्जा मिळते, ती कॅलरीत मोजतात. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही एक कॅलरी. शास्त्रज्ञ तिला किलोकॅलरी म्हणतात, व्यवहारात 'किलो' गळून पडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने पुष्कळ प्रयोग करून जे आकडे बसविले, तेच आजही वापरात आहेत. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून चार कॅलरी मिळतात आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून नऊ. शरीर खर्च करील त्याहून अधिक पोटात गेले की उरलेले चरबीच्या रूपाने साठते. कमी गेले की साठ्यातून काढावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास दिवसाकाठी २११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस १६६० कॅलरी पुरेत असे म्हटले आहे.

परंतु जेथे एका पातेल्यातले वरण आठ पानांत जाते, फोडणी एक जण घालते, वाढते दुसरी, आणि 'आणखी घ्या' म्हणणारी तिसरीच असते, तेथे एकटीने वही-पेन्सिल घेऊन बसणे हा उपहासाचाच विषय होतो. वहिनींनी तसा प्रयत्न केला. भाजीत किती तेल आहे हे भाजी झाल्यावर ओळखावे कसे, या पहिल्याच प्रश्नाशी त्यांची वही थांबली. अखेर आम्ही उलट्या टोकाकडून प्रारंभ केला. पानातून मोजता येत नाही तर कोठीतून मोजू, असे ठरवून वाणसामानाच्या मागील चार महिन्यांच्या याद्या काढल्या.

आमच्याकडे पंधरा किलोचा तेलाचा डबा येतो. याद्यांवरील तारखा पाहता तो सरासरीने चाळीस दिवस पुरत होता. आठ माणसे धरली (त्यांत दोन मुले आली), तर माणशी रोज सुमारे ४७ ग्रॅम तेल झाले, म्हणजे ४२० कॅलरी. बैठ्या माणसास दिवसाकाठी २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानतात. साखर महिन्यास नऊ किलो. माणशी रोज साडेसदतीस ग्रॅम, म्हणजे १५० कॅलरी. शेंगदाणे चार किलो. मराठवाड्यात शेंगदाण्याच्या कुटावाचून ना भाजी होते ना चटणी, आणि उपवास तर त्याच्याच जिवावर चालतात. त्यांच्या माणशी ९० कॅलरी. या तीन जिनसा मिळून रोज ६६० कॅलरी झाल्या. पोषण संस्थेने एका स्त्रीच्या दिवसाभरासाठी सांगितलेल्या आकड्याचे हे जवळजवळ दोन पंचमांश. आणि यांत भाकरी, भात, डाळ, दूध काहीच धरलेले नाही.

ही बेरीज पाहून आमचे वडील बंधू प्रथम म्हणाले, "तेल म्हणजे काय आपण पितो थोडेच!" मग त्यांनी स्वतःच पुन्हा भागाकार केला आणि तोच आकडा आला.

याद्यांत तूप नव्हते, याची आठवण मातोश्रींनी करून दिली. घरच्या दुधाची साय, तिचे विरजण, त्याचे लोणी आणि मग कढविलेले तूप. यांपैकी काहीच विकत येत नसल्याने ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही. तूप वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. वरणभातावर साजूक तुपाची धार नसेल तर ते जेवण आम्हांसही जेवण वाटत नाही. पण एका लहान चमच्यात पाच ग्रॅम तूप बसते आणि त्याच्या ४५ कॅलरी होतात, हे धार सोडणाऱ्या हाताने जाणले पाहिजे. त्याचप्रमाणे, अमुक तेल हलके व अमुक जड, ही समजूतही सोडून द्यावी. आमच्या भागात करडईचे तेल पूर्वापार चालत आले आहे. येथील कृषी विद्यापीठाने काढलेल्या करडईच्या एका वाणास 'परभणी कुसुम' असे सुरेख नावही दिलेले आहे. करडईच्या तेलाचे इतर गुण असतील; कॅलरी मात्र करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, सर्वांच्या सारख्याच, ग्रॅमला नऊ.

उपाय अगदी साधा केला. नवा डबा फोडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख घातली आणि 'हा साठ दिवस पुरवावयाचा' असे घरात जाहीर केले. फोडणीस सरळ किटलीतून तेल ओतणे बंद करून पळी ठरविली. पोळीच्या घडीत लावावयाचे तेल बोटाने न लावता एका वाटीत सकाळीच काढून ठेवले. वाटी संपली की संपले. तळण आठवड्यातून एकदा. तळून उरलेले तेल भाजीत जिरविण्याची आम्हां सर्वांची जुनी खोड आहे. ती जावी म्हणून तळावयास कढई लहान घेतली. पहिला डबा बावन्न दिवस गेला, दुसरा एकोणसाठ. साखर नवावरून सहा किलोंवर आली, तीही चहाच्या डब्यातला चमचा बदलल्यानेच मुख्यतः. डबा साठ दिवस पुरला तर तेलाच्या माणशी रोज १४० कॅलरी वाचतात, साखरेच्या ५०, मिळून १९०. भाजीची चव बिघडली काय? पहिले दहा-बारा दिवस पुतण्याने कुरकुर केली खरी. पुढे कोणास स्मरणही राहिले नाही.

आता मातोश्रींच्या प्रश्नाकडे येऊ. वहिनी जेवतात कधी? आमच्या सूनबाईंनी चार दिवस त्यांच्या नकळत टिपण ठेवले. वहिनींच्या मते त्यांचा चहा दोन वेळा होता. टिपणात तो पाच वेळा निघाला: पहाटे मातोश्रींसोबत एक, बंधूंसोबत एक, कामवाल्या बाईंना देताना तिच्यासोबत अर्धा म्हणून घेतलेला पूर्ण एक, दुपारचा एक, आणि संध्याकाळी आल्यागेल्याबरोबर एक. दोन चमचे साखर व नेहमीचे दूध धरता प्रत्येक पेल्याच्या सुमारे ८० कॅलरी. त्यांच्या जमेस नसलेल्या तीन पेल्यांच्याच २४० झाल्या. नातवाने पानात टाकलेला तूपभात, कोणाची उरलेली अर्धी पोळी, या 'वाया जाऊ नयेत' म्हणून त्यांच्या पोटात गेल्या, त्यांच्या १६० च्या आसपास. दाणे भाजताना तोंडात टाकलेल्या मुठीच्या शंभर. तूप कढविले त्या दिवशीची बेरी साखर घालून त्यांनी खाल्ली, ती निराळीच. म्हणजे ज्या बाईने भात सोडला, रात्रीचे पान सोडले, तिच्या पोटात पाचशे कॅलरी अशा गेल्या की ज्यांना ती स्वतःही जेवण म्हणत नव्हती. आणि हे सर्व जिभेच्या लौल्याने घडले नव्हते. चहा सोबतीचा होता, भात नातवाचा होता, पोळी अन्न टाकू नये म्हणून खाल्लेली होती.

आमच्या घरांतून अन्नाची नासाडी हे पाप मानले आहे आणि ते योग्यच आहे. पण ते पाप टाळण्याचे काम एकाच व्यक्तीच्या पोटाकडे का सोपवावे, याचा विचार आम्ही पुरुषांनी कधी केला नाही. जी सर्वांच्या मागून जेवते, तिला काय उरेल आणि किती उरेल हे तिच्या हाती नसते. कधी निम्मेच उरते, कधी दुप्पट. अशा व्यक्तीस 'मोजून खा' म्हणणे व्यर्थ आहे. आमच्याकडे आता एक गोष्ट बदलली. पाने एकदम मांडतात, भांडी मध्ये ठेवतात, आणि वहिनी सर्वांबरोबर बसतात. मुलांना प्रथम कमी वाढावयाचे, लागेल तर पुन्हा. उरलेले झाकून दुसऱ्या दिवशी, आणि ते दुसऱ्या दिवशी कोणी खावयाचे याची पाळी पुतण्यापासून बंधूंपर्यंत सर्वांस लागते. शिळ्या पोळीस फोडणी देताना हात सैल सुटतो, तेवढे पाहावे. आम्हांस विचाराल तर वजनाच्या बाबतीत आमच्या घरी झालेल्या सर्व सुधारणांत हीच पहिल्या क्रमांकाची आहे, आणि तिला एक पैही खर्च आला नाही.

पानातील मुख्य अन्नाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण भाकरी खाल्ली की वजन उतरते असे हल्ली शहरांतून फार ऐकू येते. शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ, तेवढीच कणीक आणि तेवढेच तांदूळ यांच्या कॅलरीत मोठा फरक नाही. सर्व सव्वातीनशे ते साडेतीनशेंच्या घरात येतात. भाकरीचा खरा लाभ असा, की ती थापताना तेल लागत नाही, ती चावावी लागते, आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार एकाच अध्यायात केला आहे. त्यात स्थूल माणसासाठी पचावयास जड पण पोषण बेताचे करणारे अन्न सांगताना जव, कोद्रू, मूग, कुळीथ यांच्याबरोबर 'जूर्णाह्व' हे धान्यही येते, आणि ते ज्वारी होय असे मानतात. आमच्या जिल्ह्याला हे वाचून अभिमान वाटल्यास नवल नाही. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी येथलीच. लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' २०१८ साली निघाली, तीही येथलीच. मात्र पुण्या-मुंबईकडील लेखांत एका भाकरीच्या म्हणून जो आकडा देतात, तो आमच्या भाकरीस लावू नये. आमच्या घरी एका भाकरीस लागणारे पीठ तोलून पाहिले तो ते ९० ग्रॅम भरले! म्हणजे एका भाकरीच्या तीनशे कॅलरी. दोन भाकऱ्या खाणाऱ्याने आपण 'फक्त दोनच' खाल्ल्या असे म्हणावे की कसे, ते त्यानेच ठरवावे. घरात लहान तराजू असावा आणि निदान एकदा तरी आपल्या घरची भाकरी, पोळी, भाताची वाटी त्यावर घालून पाहावी. रोज तोलण्याची आवश्यकता नाही. एकदा आकडा कळला की डोळा शिकतो.

पिठाचे बोलणे निघाले म्हणून एक गोष्ट आठवते. गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव घेतले की जाते डोळ्यांपुढे येते. आमच्या आजीपर्यंत घरोघर पहाटे जाते फिरत असे, आडाचे पाणी शेंदावे लागे, धुणे नदीवर जाई. त्या पिढीच्या ताटातील तूप-गूळ या श्रमांत जळून जात असे. गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला. श्रम गेले आणि ताट मात्र तसेच राहिले. किंबहुना तेलाच्या बाबतीत ते वाढले. येथेच हेही सांगितले पाहिजे की आमच्याच जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीस जाणाऱ्या बायांस आजही असा श्रम आहे आणि पुरेसे अन्न नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. कामवाल्या बाईंच्या चहातील साखर कमी करण्याचा अधिकार या लेखाने कोणासही दिलेला नाही.

उपवासाविषयी लिहिताना आमचीच लेखणी थोडी अडखळते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगीच केली नाही. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, तीन चमचे तूप आणि थोडा बटाटा, एवढ्या एका बशीच्या पाचशे कॅलरी होतात. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्टच असल्याने दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग वेफर, राजगिऱ्याचा लाडू, केळे असे चालू राहते. चातुर्मासात आठवड्यास दोन उपवास करणाऱ्या वहिनींचे वजन त्याच चार महिन्यांत सर्वाधिक वाढत असे. आता त्या वऱ्याचे तांदूळ ताकाबरोबर घेतात, उकडलेले रताळे घेतात, आणि एकादशी एकभुक्त करतात. व्रत मोडले नाही. उलट मातोश्रींच्या मते आता कुठे ते उपवासासारखे दिसू लागले आहे.

किती वेळा खावे, हा वाद महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, जेवावे असा पुरस्कार केला, डॉ. दीक्षित त्या काळी आमच्या शेजारच्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होते. २०१८ च्या सुमारास ही पद्धती मराठवाड्याच्या घराघरांत पोचली. थोडे थोडे पुष्कळ वेळा खावे असे सांगणारा पक्षही तितकाच उत्साही होता. आमच्या अल्पमतीने पाहता, दोन वेळांच्या नियमाचे यश मुख्यतः यात आहे की मधले चहा, चिवडा, बिस्किटे आणि टाकलेला भात त्याने एका फटक्यात बंद होतात. ज्याला तो पाळता येतो त्याने पाळावा. मात्र साखर उतरविण्याची औषधे अथवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण वगळू नये. साखर एकाएकी फार उतरून धोका होतो. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व वाढती मुले यांनी या भानगडीत पडूच नये. आमच्या मातोश्रींसारख्या वृद्धांचे वजन कमी होऊ लागले तर आनंद न मानता डॉक्टरांकडे न्यावे.

आणि आग्रह! जावईबापू अधिकमासात आले, त्यांच्या पानात तिसरा धोंडा पडला नाही तर सासुरवाडीचे काय राहिले? "अहो, एवढ्यानं काय होतंय, घ्या हो," हे शब्द ऐकले नाहीत असा कोणी आमच्या भागात नसेल. आग्रहामागील प्रेम खरे असते म्हणूनच त्यास नकार देणे जड जाते. आम्ही तोड काढली ती अशी: आग्रह करावयाचाच तर कोशिंबिरीचा, ताकाचा, वरणाचा करावा, गोड पदार्थ पाहुण्याने मागितला तरच दुसऱ्यांदा वाढावा. तुपासह एक पुरणपोळी सहज तीनशे कॅलरींच्या वर जाते. सत्तर किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर दोनशे ते अडीचशे खर्च होतात. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरून येणारे आमचे काही स्नेही परत येताना गरम भजी घेऊन बसतात. त्यांना हे आकडे आम्ही प्रत्यक्ष सांगितलेले नाहीत, येथे छापून येतील तेव्हा वाचतील. चालणे अवश्य असावे. हृदयास, सांध्यांस, झोपेस ते हितकर आहे आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही. केवळ चालून वजन उतरविण्याची आशा मात्र बाळगू नये.

घरातील जी माणसे सडपातळ आहेत ती आपणास यातून वगळतात. आमचा पुतण्याही असाच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी एकच, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि पोटात चरबी, हा आपल्याकडील पुष्कळांचा बांधा आहे. यास्तव वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. बेंबीच्या सुमारास कंबर पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, लक्ष घातले पाहिजे. पुतण्याची भरली ९४. त्या दिवसापासून तेलाच्या डब्यावरील खडूची तारीख तोच घालू लागला.

घाई करू नये, हे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे दिवसास सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले. तरुण, रोज मैलोगणती चालणारे पुरुष. त्यांना हे अन्न निम्म्याइतकेच होते. त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले खरे. पण ती मुले खिन्न, चिडखोर झाली, जेवणाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना, आणि प्रयोग संपल्यावर पुष्कळांस कितीही खाल्ले तरी तृप्ती वाटेना. दोन आठवड्यांत पाच किलो उतरविण्याची जी आश्वासने जाहिरातींत दिसतात, त्यांचा शेवट बहुधा असाच होतो.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. यावरून कागदावर भागाकार केला तर आमच्या वाचलेल्या १९० कॅलरींनी वर्षाला नऊ किलो वजन उतरले पाहिजे. तसे होत नाही. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली जे गणित मांडले, त्याप्रमाणे रोजच्या आहारात कायमची २४ कॅलरींची घट केली तर अखेरीस सुमारे एक किलो वजन कमी होते. त्यातील निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सर्व तीन वर्षांत. आमच्या १९० कॅलरींचे यावरून पहिल्या वर्षी चार किलो व अखेरीस आठ किलो होतात. हे गणित आम्हांस फार आवडले, कारण तीन वर्षे वाट पाहणे एकट्यास जमत नाही, पण घराच्या रीतीस जमते. हल्ली आठवड्यास एक इंजेक्शन घेऊन वजन उतरविण्याची औषधे निघाली आहेत. तीही मुख्यतः भूक कमी करूनच काम करतात, आणि ती घ्यावी की नाही हा डॉक्टरांचा विषय आहे.

कमी करताना डाळ कमी करू नये. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत प्रथिनांचा पुरवठा आधीच बेताचा असतो. पंचावन्न किलोच्या स्त्रीस दिवसाकाठी ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, आणि आमच्याकडील पातळ वरणाच्या वाटीत पाचच्या आसपास मिळतात. म्हणून वरण घट्ट केले, एका वेळी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ ठरविली, दही-ताक दोन्ही वेळा. प्रथिने पुरेशी असली की भूक लवकर शमते आणि स्नायू झिजत नाहीत. पालेभाजी वाढविली, अंबाडी, चुका, मेथी यांस आमच्या बाजारात तोटा नाही. भाजी वाढली की भाकरी आपोआप एकावर आली.

वहिनींचे वजन यंदाच्या आषाढापर्यंत ६८ किलो झाले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर पाहिलेली साखर मर्यादेच्या आत आली होती. चहा अजून पाच वेळाच होतो, पण साखरेचा दोन वेळा. उरलेल्या तीन वेळा सोबतीला बसून त्या ताक किंवा पाणी घेतात. मध्यंतरी दिवाळी झाली, घरात एक लग्न झाले, त्या दोन महिन्यांत वजन दीड किलोने वर गेले आणि पुन्हा उतरावयास माघ उजाडला. रोज तोलले असते तर वहिनी निराश झाल्या असत्या. आम्ही काटा फक्त शनिवारी सकाळी काढतो आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहितो. बंधूंचे तीन किलो उतरले, पुतण्याची कंबर ८९ वर आली. मातोश्रींचे वजन जसेच्या तसे आहे, आणि त्यांच्या वरणभातावरील तूप कोणी मोजीत नाही.

यंदाच्या दिवाळीस करंज्या तळावयाच्या की भाजावयाच्या, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. डब्यावर भाद्रपद शुद्ध पंचमीची तारीख आहे.